शिट्टी सोडून काय पण सांगा

— नाय ताई, दांड्याचं होईल, साखळीचं होईल, शिट्टीचं नाय होणार. शिट्टी सोडून काय पण सांगा. बसा ना, उभ्या का, ते स्टूल घ्या ओढून — पत्र्याचा कीस पडलाय तेवढा झटका, कपड्यात घुसतो. बघू किटली. हां, ही ती दुहेरी भिंतीची, मधनं नळकांडं. ऑनलाइन मागवली ना? वाटलंच. पुण्याच्या लोकांना वाटतं ही फार मोठी विलायती युक्ती — मधे जाळ, भोवती पाणी, चार काटक्यांत उकळी. अहो, हा आपला बंबच की. आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब बघितलात ना कधी? तोच लहान केला, तोटीच्या जागी वर तोंड काढलं, उचलायला कडी लावली, झाली तुमची किटली. मला नवीन नाय काय त्यात. भांडुपला पत्र्याच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली मी, गीझरच्या टाक्या केल्या, बंब केले, दुधाचे कॅन केले — बाहेर बोर्डावर राजेंद्र लिहिलंय तो मीच. दापोलीत या कामाचा दुसरा माणूस नाय म्हणून तर लोक पाठवतात.

काय म्हणालात? कोणी पाठवलं? मनस्वीनं? केळशीच्या?

हां. बरं. नाय, ठीक आहे, तिच्याच तंबूत उतरला असाल मग. माझी पुतणी ती. सख्ख्या भावाची मुलगी. तिनं सांगितलं का तसं? नाय? नुसतं काकांकडे जा म्हणाली. बरं.

आता ही कडी बघा तुमची. उभी धरली की हात नेमका धुराड्याच्या वर येतो का नाय? म्हंजे चहा ओतायला गेलात की हातच भाजायचा. बनवणाऱ्यानं कधी स्वतः पाणी उकळलं नसणार. मी काय करतो, कडीच्या दोन्ही टोकांना इथं खाच पाडतो, मग ती आडवीच राहते, उभी होतच नाय. वरनं बांबूचं कांडं चढवतो, त्याच्यावर काथ्या गुंडाळतो, पकड मऊ लागते. खाली जाळाला ही तुमची ताटली उथळ आहे, सगळी राख वाऱ्यानं तुमच्याच डोळ्यात जाणार — तेलाचा डबा कापून खोल बूड करून देतो, एका बाजूला खिडकी ठेवतो वाऱ्याकडे धरायला. धुराड्यावर चार हातांची चौफुली बसवतो, तवा ठेवायला, तिच्यावर अंडी होतात, मासा पण होतो लहानसा. आणि बुचाला साखळी. बूच हे फक्त पाणी नेताना लावायचं, जाळ असताना कधीच नाय. एवढं लक्षात ठेवा तुम्ही, बाकी काय विसरलात तरी चालेल. जाळ आत, तोंड उघडं. सोडणं जाळा, नारळाची, वाळलेली — सुरूची बोंडं पण छान पेटतात, केळशीला हवी तेवढी पडलेली असतात. तीन मिनिटांत पाणी.

शिट्टीचं सामान संपलंय, ताई. नाय, मागवलं पण नाय. पितळेचं लागतं ते, मुंबईहून यावं लागतं — आता तुम्ही बघताय तिकडं, तो डबा. हां, पितळच आहे त्यात. बरं, सामान आहे. खोटं कशाला बोलू. तुमच्या आधी पाच जणांना सांगितलं सामान नाय म्हणून, सगळ्यांनी ऐकून घेतलं, तुमची नजर त्या डब्यावर गेली तर मी काय करू. पाचही जण मनस्वीनंच पाठवलेले. पाचही जणांना शिट्टीच पाहिजे होती. आता तुम्ही सहाव्या. मी तिला विचारलं का? नाय विचारलं. कसं विचारायचं.

तुम्ही तिचा हात बघितला असेल. उजवा. चहाचा कप ती डाव्यानं देते. कोणी विचारत नाय तिला तोंडावर, पण बघतात सगळे. आणि मानेला ती ओढणी असते, उन्हाळ्यात पण.

आमचा दादा गेला तेव्हा ती चौथीत होती. मी भांडुपला, माझी बायको रेणुका तिथंच, आम्हाला मूलबाळ नाय. वहिनी आणि ही दोघीच केळशीला. मे महिन्यात आणि गणपतीला आलो की ही माझ्या पाठीवरच असायची. मी मुंबईहून काय आणायचो? खेळणी नाय आणायचो, पत्र्याचे तुकडे आणायचो, कापून बोटी करून द्यायचो. कडा घासून द्यायचो आधी, बोटाला लागू नये म्हणून — एकेक कड अंगठ्यानं तपासायचो. मग ती इथंच दापोलीला शेतकी शिकली, आम्हाला वाटलं आता नोकरी बघेल, तर पोरीनं सुरूच्या बनात तंबू टाकले. चार तंबू. वहिनी म्हणाली, "ह्या काय नाटकवाल्यासारखा?" पण चाललं तिचं. माणसं यायला लागली. तोवर माझा कारखाना बंद पडला होता. परत आलेल्या चाकरमान्याचं काय असतं, ताई, गणपतीत आला तर कौतुक, कायमचा आला तर सगळे विचारतात, मग आता काय करणार. मी काय सांगणार? दीड वर्ष नुसता बसून होतो. ही एकदा मोबाइल घेऊन आली — "काका, हे बघ, अशी किटली तुला करता येईल?" मी बघितलं आणि हसलो. म्हटलं, गो मनू, हा तर बंब.

त्याच्यावरनं हे दुकान, ताई. तिच्यावरनं. आम्ही दोघं बसायचो इथं, मी कापायचो, ती धरायची. कडी कुठं लावायची, बूड किती खोल करायचं, चौफुली दुमडती करायची का फिरकीची — भांडायचो पण. ती तिकडं बनात वापरून बघायची आणि रविवारी येऊन सांगायची, काका, इथं गळतं, काका, इथं हात लागतो. माझ्या उभ्या आयुष्यात मी केलेली वस्तू कोण वापरतं ते मला माहीत नव्हतं. गीझरची टाकी केली, गेली ट्रकमधनं. इथं मला कळायला लागलं. त्या दोन वर्षांसारखे दिवस मी बघितले नायत.

तर एकदा पाणी आटलं. ती तंबूच्या दोऱ्या ताणत होती, इकडं किटली कोरडी पडली, आतला जोड सुटला. कोरड्या भांड्याखाली जाळ राहिला की जोडाचा कथलाचा डाग विरघळतो, त्याला काय करणार. ती म्हणाली, "काका, शिट्टी बसव. कुकरसारखी. मी कुठं पण असले तरी ऐकू आली पाहिजे." बरोबर होतं तिचं, एकटी बाई सगळं बघणारी. मी केली. पितळेची, तोंडावर नुसती ठेवायची, सैल. वाफ जास्त झाली की आपोआप उडून पडेल अशी. ती पुढच्या रविवारी आली, म्हणाली, सारखी वाळूत पडते, सापडत नाय, हिला आटे पाड. मग आटे पाडले. फिरवून घट्ट बसायची. आणि मधे भोक, वाजायला. एक भोक. ते भोक वाळूनं बुजलं असतं तरी —

नाय, तसं नाय झालं. तसं झालं म्हणून कोणी म्हणत नाय. झालं ते असं की मागच्या माघात, सकाळची वेळ, आठ माणसं उतरलेली, मनू किटली पेटवून बाजूला पोहे करत होती. बराच वेळ झाला, शिट्टी वाजेना. का वाजत नाय म्हणून ती बघायला वाकली. आणि किटली फुटली, बुडाचा जोडच गेला, सगळं उकळतं पाणी आणि निखारे. बरं एवढंच की दुसरं कोणी जवळ नव्हतं. डोळे वाचले. मला फोन आला तेव्हा मी इथंच होतो, याच जागी. दापोलीला आणली, तिथनं रत्नागिरीला हलवली. दोन महिने. मांडीची कातडी काढून हाताला लावली. बोटं आता एवढी मिटतात — एवढीच, बघा.

आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलली? माझंच चुकलं म्हणाली. घाईत शिट्टी लावायची सोडून बूच लावलं म्हणाली, जाळ असताना. सगळ्यांना तेच सांगितलं, डॉक्टरला, पोलिसपाटलाला, आईला. सगळा गाव म्हणाला, शिकलेली पोर, एवढं कसं कळलं नाय. मी पण होतो तिथं, खाटेच्या पायथ्याशी. मी ऐकलं.

हां, म्हंजे बुचामुळेच. तेच सांगतोय ना तुम्हाला मी मघापासनं, जाळ असताना बूच —

ताई, ते बूच मला सापडलं होतं. तिच्या तंबूत, खिळ्याला, साखळीसकट. मीच करून दिलेली साखळी, मी ओळखणार नाय? ती तिथं टांगलेली होती, कोरडी, धूर पण लागला नव्हता तिला. म्हंजे किटलीच्या तोंडाला शिट्टीच होती.

पाणी? पाण्याची बाटली तुमच्या मागंच आहे, द्या ती. नको, राहू दे, मला नको. तुम्ही घ्या हवं तर.

कारखान्यात आमचे एक मिस्त्री होते, गंगाराम मिस्त्री. मला हातात कात्री त्यांनी दिली. ते एकच गोष्ट शंभर वेळा सांगायचे — वाफेला दोन दारं ठेव, राजा, एक तुझं आणि एक तिचं. तुझं बुजलं तर ती तिच्या दारानं जाईल. मी हे विसरलो नव्हतो. तेच तर सांगायचंय. विसरलो असतो तर म्हातारपण म्हणालो असतो, डोकं चालत नाय म्हणालो असतो. मी दोन भोकं ठेवली होती, ताई. वरचं वाजायचं आणि बाजूला एक बारीक, सुईएवढं. पण दोन असली की वाफ वाटली जाते, मग शिट्टी जोरात नाय वाजत. नुसती चिरचिरते. मी इथं मागच्या दारी पेटवून बघितली, चिर्र करून राहिली. मला ते आवडलं नाय. मनू ऐकणार कशी लांबनं — असं मी मनाशी म्हटलं, पण खरं ते नाय. मला ते आवडलंच नाय. मी केलेली वस्तू आणि अशी रडकी वाजते. मग मी डागाचा एक थेंब घेतला आणि ते बाजूचं भोक बुजवलं. कानशीनं वरनं साफ केलं. परत पेटवली. काय वाजली, ताई. रस्त्यावरची माणसं थांबली. समोरचा सायकलवाला विचारायला आला. रविवारी ही आली तर मी काय न बोलता पेटवून दाखवली, ती टाळ्या वाजवत नाचली इथं. मी तिला सांगितलं का बुजवल्याचं? नाय सांगितलं. त्यात काय सांगायचं असं वाटलं.

वाळूचा एक खडा. ओल्या वाळूत शिट्टी ठेवली असेल पाणी भरताना, वरच्या भोकात खडा गेला. एवढंच. बाजूचं उघडं असतं तर वाफ गेली असती चिरचिरत. तिला कळलं पण नसतं.

वहिनीनं मला एकदाच विचारलं. रत्नागिरीला, दवाखान्याच्या व्हरांड्यात. माझ्याकडे बघत पण नव्हती, पिशवीतनं डबा काढत होती. "भावजी, तुमी केलल्यात काय खोट व्हती काय?" आणि मी म्हटलं, नाय वहिनी. म्हटलं, आटे बरोबर होते. आता आट्यांचं तिनं विचारलं होतं का? तिनं मान हलवली आणि मला भाकरी वाढली. मी खाल्ली. तिनं भाजी वाढली, ती पण खाल्ली.

अजून एक सांगतो, मग तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. ज्या दिवशी झालं, त्या दिवशी गाडीतनं तिला रत्नागिरीला नेली, वहिनी गेली, रेणुका गेली. मी म्हटलं, मी मागनं येतो, तंबू बघतो, सामान आवरतो. आणि मी केळशीला गेलो, बनात. सामान आवरायला नाय गेलो. शिट्टी शोधायला गेलो. फुटक्या किटलीच्या तोंडाला ती नव्हती, उडाली असणार वाटलं. जिथं फुटली तिथनं दहा पावलं इकडं, दहा पावलं तिकडं, गुडघ्यावर बसून. वहिनीच्या घरातनं चाळण आणली आणि वाळू चाळली. दुपार झाली, रेणुकाचा फोन येतोय, मी उचलत नाय. भरती आली तरी चाळतोय. लोकांना वाटलं, काका वेडा झाला दुःखानं. एक म्हातारी येऊन पाठीवर हात फिरवून गेली. तेव्हाच ते बूच बघितलं तंबूत, टांगलेलं. शिट्टी नाय मिळाली. आठवडाभर रोज गेलो. पोर तिकडं भाजलेली पडलीय आणि मी इकडं पितळेचा तुकडा शोधतोय, कोणाला सापडू नये म्हणून. मिळाली असती तर मी काय केलं असतं? खाडीत टाकली असती. हो, टाकली असती.

मग ती बरी होऊन आली. तंबू परत लावले. मी म्हटलं, आता किटल्या नकोत. ती म्हणाली, "का? किटलीनं काय केलंय?" आणि माणसं पाठवायला लागली. कडीला पाठवत नाय, चौफुलीला पाठवत नाय, शिट्टी बसवून घ्या काकांकडून, असं सांगून पाठवते. तुम्हीच सांगा, तुम्ही परक्या आहात, तुम्हाला काय वाटतं — तिला माहीत नाय म्हणून पाठवते? का माहीत आहे म्हणून? मला शिक्षा करते? का मला सांभाळते? का वाट बघते, मी कधी बोलतो याची? रविवारी येते, समोर बसते, डाव्या हातानं पत्रा धरते. धरवत नाय तिला नीट, पत्रा हलतो, माझं कापणं वाकडं जातं. वर्ष होत आलं. रोज रात्री ठरवतो, या रविवारी सांगायचं. ती येते, काका चहा टाकू का म्हणते, झालं, संपला रविवार.

तुमचा फोन वाजतोय. बघा ना कोणाचा. उचला, माझ्यामुळे नको थांबायला.

तिचा?

मी इथं नाय म्हणून सांगा. बाहेर गेलोय म्हणून — नको. आहे म्हणून सांगितलंत? बरं. आणा इकडं.

हॅलो. हां मनू, बोल गो… हो, आल्यात, बसल्यात समोर… नाय, त्यांना कडीचं सांगत होतो, कडी वाईट आहे तिची… जेवलो. रेणुकानं डबा दिलाय… शिट्टी? शिट्टीचं जरा सामान — … हां… हां, ऐकतोय, बोल…

ती तुझ्याकडे आहे?

कधीपासनं?… तेव्हापासनंच. गाडी यायच्या आधीच उचललीस. आणि बघितलीस तू ती, बाजूनं… हां. दिसणारच. कानस मारली तरी डागाचा रंग वेगळा दिसतो… नाय, मी ऐकतोय… हां… दोन. दोन ठेवतो… पण मनू, दोन ठेवली की आवाज बारीक येतो गो… चालेल?… लांबनं नाय ऐकू येणार तुला… बरं. जवळ बसशील. बरं… ठेव मग. ठेव.

घ्या ताई, तुमचा फोन.

काय नाय, कामाचं बोलली. दोन भोकं ठेव म्हणाली. मी तिला काय म्हणालो? ऐकलंत ना तुम्ही. आवाज बारीक येतो म्हणालो. वर्षभर तोंडात धरून ठेवलेलं, आणि तिनं स्वतःहून फोन केला, तिनं स्वतःहून दार उघडलं, तर मी एवढंच बोललो — आवाज बारीक येतो. परत लावू? नको. तुम्ही लावला तरी मी काय बोलणार आहे. मला नाय येणार, ताई.

किटली ठेवा तिथं, टेबलावर. परवा या, सकाळी, होऊन जाईल. नाय, आता काय बोलू नका तुम्ही. केळशीची यष्टी लागली असेल, जा.